असें झालें असतें तर!

मराठी शाळेच्या वरच्या इयत्तेंत व्याकरणाचा तास चालला कीं, क्रियापदाच्या अर्थांची यादी फळ्यावर येते: स्वार्थ, आज्ञार्थ, विध्यर्थ आणि संकेतार्थ. पहिल्या तिहींचें प्रयोजन मुलांना चटकन् कळतें. जें घडतें तें स्वार्थानें सांगावयाचें, जें करवावयाचें तें आज्ञार्थानें, आणि जें करणें योग्य तें विध्यर्थानें. संकेतार्थाशीं मात्र मुलें अडखळतात. ‘पाऊस पडला असता, तर पीक आलें असतें,’ हें वाक्य ऐकून, मग पाऊस पडला कीं नाहीं, असें एखादा चौकस मुलगा विचारतोच. पाऊस पडला नाहीं व पीकहि आलें नाहीं; तरीहि भिजलेलें शेत आणि डोलणारें कणीस हीं दोन्ही क्षणभर मनापुढें उभीं राहतात. जें घडलेंच नाहीं त्याविषयीं बोलण्याकरितां भाषेनें एक स्वतंत्र अर्थ राखून ठेवला आहे. त्याची गरज मनुष्याला किती वारंवार पडत असली पाहिजे, हें एवढ्यावरूनहि ध्यानांत येईल.

ह्या ‘जर-तर’ची लोकांनीं थट्टाहि पुष्कळ केली आहे. आत्याबाईला मिशा असत्या तर तिला काका म्हटलें असतें, ही म्हण घरोघरीं ठाऊक आहे, आणि न घडलेल्या गोष्टींचा काथ्याकूट करूं नये, हा तिचा भावार्थहि सर्वांना पटतो. परंतु म्हणीनें बजावलें म्हणून मन थांबत नाहीं. पानिपतचें युद्ध ता. १४ जानेवारी १७६१ रोजीं झालें. त्याला अडीचशेंहून अधिक वर्षें लोटलीं, तरी ‘विश्वासरावांना गोळी लागली नसती तर’, ‘भाऊसाहेब हत्तीवरून उतरले नसते तर’, हे प्रश्न महाराष्ट्रांत अजून पडतातच. जी गोष्ट राष्ट्राच्या इतिहासाची, तीच घरच्या सुखदुःखांची. गाडी चुकलेला उतारू, एका गुणानें नापास झालेला विद्यार्थी, आणि घरांत मृत्यु घडल्यावर कोपऱ्यांत बसून राहिलेली आई, ह्या सर्वांच्या मनांत संकेतार्थाचीच वाक्यें घोळत असतात. ह्या वाक्यांचा मनुष्याच्या भावनांवर काय परिणाम होतो, आणि दोष कोणाच्या माथीं मारावयाचा हें ठरवितांना तीं कसा हात घालतात, ह्याचा शास्त्रशुद्ध शोध गेल्या चाळीसपन्नास वर्षांत मानसशास्त्रज्ञांनीं घेतला आहे.

त्या शोधाचा पाया डॅनिएल काहनेमान व एमॉस ट्वर्स्की ह्या दोन विद्वानांनीं घातला, असें म्हणण्यास हरकत नाहीं. दोघांचें संशोधन प्रथम इस्रायलांत व पुढें अमेरिकेंत झालें. पैकीं काहनेमान ह्यांना २००२ सालीं अर्थशास्त्राचें नोबेल पारितोषिक मिळालें. ट्वर्स्की त्यापूर्वींच, १९९६ सालीं, निवर्तले होते. १९८२ सालच्या एका निबंधांत त्यांनीं पुढील साधी गोष्ट मांडली. दोन गृहस्थ एकाच मोटारींतून विमानतळाकडे निघाले. दोघांचीं विमानें वेगवेगळीं, पण सुटण्याची वेळ एकच. वाटेंत वाहनांच्या गर्दींत मोटार अडकली व दोघेहि अर्धा तास उशिरा पोंचले. पहिल्याला कळलें कीं, त्याचें विमान ठरल्या वेळींच गेलें. दुसऱ्याला कळलें कीं, त्याच्या विमानाला उशीर झाला होता व तें अवघ्या पांच मिनिटांपूर्वीं सुटलें. अधिक हळहळ कोणाला वाटेल, असें विचारतां शेंकडा ९६ लोकांनीं दुसऱ्याचें नांव घेतलें.

वास्तविक पाहतां दोघांची हानि सारखीच आहे. दोघांचेंहि विमान चुकलें, आणि दोघांनींहि तें चुकणार असें वाटेंतच गृहीत धरलें होतें. फरक आहे तो कल्पनेला चालाव्या लागणाऱ्या अंतराचा. पहिल्याला विमान गांठावयाचें तर अर्ध्या तासाचा उशीर मनांतल्या मनांत पुसून टाकावा लागतो, आणि तें कठीण जातें. दुसऱ्याला मात्र पांचच मिनिटें पुसावयाचीं असतात. एक दिवा लवकर हिरवा झाला असता, एक मालमोटार बाजूला सरली असती, कीं झालें! जें न घडलेलें इतकें जवळ दिसतें, तें हातचें गेल्यासारखें वाटतें. म्हणजे मनुष्याचें दुःख केवळ काय घडलें ह्यावर अवलंबून नसतें. काय घडतां घडतां राहिलें ह्यावरहि तें अवलंबून असतें.

हाच नियम आनंदालाहि लागू पडतो, आणि त्याचें प्रत्यंतर क्रीडांगणावर पाहावयास मिळतें. १९९२ सालीं बार्सिलोना येथें ऑलिंपिक सामने झाले. त्यांत रौप्यपदक व कांस्यपदक मिळविणाऱ्या खेळाडूंचे चेहरे चित्रफितींवरून तपासून तीन अमेरिकन संशोधकांनीं आपला निष्कर्ष १९९५ सालीं प्रसिद्ध केला. सामन्याचा निकाल लागला त्या क्षणींचा चेहरा पाहून, तो किती आनंदी आहे ह्याला दहांपैकीं गुण द्यावे, असें त्यांनीं परीक्षकांस सांगितलें होतें. कांस्यपदकवाल्यांना सरासरीनें ७·१ गुण पडले, तर त्यांच्याहून वरचढ ठरलेल्या रौप्यपदकवाल्यांना अवघे ४·८. वरकरणी हें उफराटें दिसतें. पण कारण उघड आहे. दुसरा आलेला खेळाडू वर पाहतो व ‘एवढें केलें असतें तर सुवर्ण मिळालें असतें’ असें म्हणतो. तिसरा आलेला खालीं पाहतो व ‘थोडक्यांत वांचलों, नाहीं तर रिकाम्या हातीं परतलों असतों’ असें म्हणतो. दोघांच्याहि डोळ्यांपुढें न घडलेली गोष्टच असते. एकाला ती टोंचते व दुसऱ्याला सुखविते.

तिसऱ्या व चौथ्या क्रमांकांमधील ही दरी भारताच्या चांगल्याच परिचयाची आहे. साताऱ्याकडील कऱ्हाडजवळच्या गोळेश्वर गांवचे मल्ल खाशाबा जाधव ह्यांनीं १९५२ सालीं हेलसिंकी येथें कुस्तींत कांस्यपदक मिळविलें. तें स्वतंत्र भारताचें पहिलें वैयक्तिक ऑलिंपिक पदक होय, आणि शंभराहून अधिक बैलगाड्यांच्या मिरवणुकीनें त्यांच्या मुलुखानें त्यांचें स्वागत केलें. पुढें १९६० सालीं रोम येथें मिल्खासिंग ४०० मीटरांच्या शर्यतींत चौथे आले, व १९८४ सालीं लॉस एंजलिस येथें पी. टी. उषा ह्यांचें ४०० मीटर अडथळ्यांच्या शर्यतींतील कांस्यपदक सेकंदाच्या शंभराव्या हिश्शानें हुकलें. त्या शर्यतींत पांचवें, सहावें कोण आलें, हें आज कोणी सांगूं शकणार नाहीं. चौथा क्रमांक मात्र देश विसरलेला नाहीं. कारण तेथें ‘जर’ अगदीं उंबरठ्याशीं येऊन उभें राहिलें होतें.

आतां दुसरा प्रश्न असा कीं, एखाद्या घटनेच्या मागें शेंकडों कारणें असतां मन त्यांतील नेमकें कोणतें पुसून काढतें? ह्याचा उलगडाहि वर सांगितलेल्या १९८२ सालच्या निबंधांतच आहे. त्यांत बँकेंतील एका अधिकारी गृहस्थाच्या मृत्यूची कथा रचलेली आहे. कचेरींतून घरीं परततांना चौरस्त्यावर एक भरधांव मालमोटार त्याच्या मोटारीवर आदळते. ती मालमोटार नशेच्या अंमलाखालीं असलेला एक तरुण हांकीत असतो. कांहीं वाचकांना दिलेल्या कथेंत तो गृहस्थ त्या दिवशीं नेहमींचा रस्ता सोडून दुसऱ्या रस्त्यानें निघालेला असतो. इतरांना दिलेल्या कथेंत रस्ता नेहमींचाच, पण कचेरींतून तो लवकर बाहेर पडलेला असतो. त्याच्या घरचीं माणसें ‘जर’पुढें काय म्हणतील, असें वाचकांना विचारलें. पहिल्या वाचकांनीं बहुतकरून रस्ता बदलला, दुसऱ्यांनीं वेळ बदलली. दोन्ही कथांत जो खरा अपराधी, त्या तरुणाच्या वर्तनाकडे थोड्यांचेंच लक्ष गेलें. उलट, तीच कथा त्या तरुणाच्या घरच्यांच्या बाजूनें सांगितली, तेव्हां मात्र वाचकांचा ‘जर’ त्या तरुणाकडे वळला.

ह्यांतून दोन नियम निघतात. एक असा कीं, मन नेहमींच्या गोष्टींना हात लावीत नाहीं. जें नेहमींपेक्षां वेगळें घडलें, तेंच तें पुसतें व त्या जागीं रोजचें वळण आणून बसवितें. दुसरा असा कीं, कथा ज्याची सांगितली जाते, त्याच्याच वर्तनांत मन फेरफार करूं लागतें. ह्यांना तिसऱ्या एका नियमाची जोड द्यावयास हवी. कांहीं न करण्यापेक्षां कांहीं तरी केल्यानें झालेलें नुकसान मनाला अधिक लागतें. एकानें आपले भाग एका कंपनींतून काढून दुसरींत घातले व तो बाराशें डॉलरांना मुकला; दुसऱ्यानें भाग बदलण्याचा विचार केला, पण बदलले नाहींत, व तोहि तितक्याच रकमेला मुकला. अधिक पश्चात्ताप कोणाला होईल, असें विचारतां शेंकडा ९२ लोकांनीं भाग बदलणाऱ्याकडे बोट दाखविलें. येथें एक पुस्ती मात्र जोडली पाहिजे. पुढील संशोधनांत असें दिसून आलें कीं, ताजेपणीं केलेल्या गोष्टींचा पश्चात्ताप तीव्र असला, तरी उतारवयांत मागें वळून पाहणारीं माणसें न केलेल्या गोष्टींनींच अधिक झुरतात. राहून गेलेलें शिक्षण, न बोललेला शब्द, वेळेवर न झालेली भेट, ह्यांची रुखरुख लवकर ओसरत नाहीं.

येथवर भावनांचा विचार झाला. परंतु ह्याच नियमांनीं न्यायनिवाड्याचें पारडेंहि झुकतें, आणि तेथें गोष्ट अधिक गंभीर होते. डेल मिलर व कॅथी मॅक्फार्लंड ह्या संशोधकांनीं १९८६ सालीं लोकांपुढें एका जखमी माणसाची कथा ठेवली. दुकानांत दरोडेखोरानें झाडलेली गोळी त्याला लागते. एका कथेंत तें त्याचें रोजचें दुकान असतें. दुसऱ्या कथेंत तो त्या दिवशीं सहज म्हणून निराळ्या दुकानांत गेलेला असतो. जखम तीच, गुन्हा तोच. पण निराळ्या दुकानांत गेलेल्याला द्यावयाची नुकसानभरपाई लोकांनीं बरीच अधिक ठरविली. ज्याचें संकट सहज टळूं शकलें असतें असें वाटतें, त्याची कींव अधिक येते. आणि ज्याचें संकट रोजच्याच वाटेवर आलें, त्याचें दुःख जणूं ठरलेलेंच होतें, असें मन धरून चालतें. रोजच धोक्यांत राबणाऱ्या माणसाच्या वांट्याला सहानुभूति कमी कां येते, ह्याचें एक कारण येथें सांपडतें.

पानिपतच्या चर्चेकडेहि ह्या दृष्टीनें पाहण्यासारखें आहे. मराठी फौजेची परंपरागत रीत गनिमी काव्याची. भाऊसाहेबांनीं मोठ्या तोफा घेऊन समोरासमोर लढण्याचें ठरविलें, आणि बरोबर बायकामुलें व यात्रेकरू ह्यांचा मोठा जमावहि होता. येथें नेहमींचें वळण सुटलें, म्हणून ‘जर’ नेमकें तेथेंच जाऊन अडकतें व दोषहि तेथेंच येऊन चिकटतो. उलट, महिनेनमहिने पुरलेली पैशाची चणचण, तुटलेली रसद, छावणींतील उपासमार, उत्तरेंत मित्रांचा अभाव आणि अबदालीचें सेनानीपण, हीं कारणें कांहीं कमी वजनाचीं नव्हतीं. परंतु तीं एका क्षणाचीं नसून सतत चाललेलीं होतीं, आणि सतत चाललेलें मनाला सहजासहजीं पुसतां येत नाहीं. भाऊसाहेबांकडे चूक नव्हतीच, असा ह्याचा अर्थ नव्हे. जें कल्पनेंत सहज बदलतां येतें तेंच मुख्य कारण, असें मानण्याची मनाची खोड आहे, एवढेंच ह्यावरून दिसतें. सहज बदलतां येणें हा एक गुण, व खरें कारण असणें हा दुसरा. दोहोंची गल्लत होतां कामा नये.

त्यांतच आणखी एक फसवणूक मिसळते. निकाल कळल्यावर तो आधींच स्पष्ट दिसत होता, असें मनुष्याला वाटूं लागतें. बरूक फिशहॉफ ह्यांनीं १९७५ सालीं ह्याचा प्रयोग केला, व त्यांतील एक प्रसंग इंग्रज आणि गुरखे ह्यांच्यामधील १८१४ सालच्या युद्धाचा होता. निरनिराळ्या वाचकांना निरनिराळा शेवट सांगितला. ज्याला जो शेवट सांगितला, त्याला तोच पहिल्यापासून अधिक संभवनीय वाटला. ‘बैल गेला नि झोपा केला’ ही म्हण उशिरां सुचलेल्या शहाणपणाला हंसते. पण खरी गंमत अशी कीं, झोपा करणाऱ्याला आपण बैल जाण्यापूर्वींच सावध होतों, असेंहि मनापासून वाटूं लागतें. दुसऱ्यांच्या चुका काढतांना ही गोष्ट विशेष ध्यानांत ठेवावी.

ह्या सर्वाचा अत्यंत करुण भाग मृत्यूच्या प्रसंगीं दिसतो. क्रिस्तोफर डेव्हिस व त्यांचे सहकारी ह्यांनीं १९९५ सालीं अशा लोकांचा अभ्यास प्रसिद्ध केला, कीं ज्यांचा जोडीदार किंवा अपत्य मोटारीच्या अपघातांत दगावलें होतें, अथवा ज्यांचें तान्हें मूल झोंपेंतच अकस्मात् गेलें होतें. अपघाताला कित्येक वर्षें होऊन गेलीं, तरी त्यांतील अनेकांच्या मनांत ‘जर’ चालूच होतें. आणि तें ‘जर’ बहुधा समोरच्या गाडीवाल्याच्या वर्तनाविषयीं नसून स्वतःच्याच वर्तनाविषयीं होतें: मीं त्याला थांबवून घेतलें असतें तर, मी त्या रात्रीं उठून पाहिलें असतें तर. अशा कल्पना ज्यांच्या मनांत अधिक येत, त्यांची व्यथाहि अधिक असे. येथें वरील दुसरा नियम आठवावा. स्वतःच्या दुःखाची कथा मनुष्य स्वतःलाच सांगत असतो; म्हणून फेरफार करावयास त्याला स्वतःचेंच वर्तन जवळ सांपडतें. मग ‘हें मीं टाळूं शकलों असतों’ ह्या वाक्यावरून ‘हें माझ्यामुळें झालें’ ह्या वाक्यावर मन केव्हां घसरतें, तें त्याला कळतहि नाहीं. परंतु हीं दोन वाक्यें एक नव्हत. छत्री नेली असती तर भिजणें टळलें असतें. म्हणून पाऊस छत्रीनें पाडला, असें कोणी म्हणत नाहीं.

अमेरिकेचे प्रख्यात मुत्सद्दी व शास्त्रज्ञ बेंजामिन फ्रँकलिन ह्यांची हकीकत ह्या ठिकाणीं फार बोधप्रद आहे. १७३६ सालीं त्यांचा चार वर्षांचा मुलगा फ्रान्सिस देवीच्या रोगानें दगावला. त्या काळीं जेन्नरची लस निघालेली नव्हती. रोग्याच्या अंगावरील फोडांतील द्रव निरोगी माणसाला टोंचीत. त्या उपायांतहि थोडा धोका असे, पण आपोआप येणाऱ्या देवींपेक्षां तो पुष्कळच कमी होता. फ्रँकलिन ह्या उपायाचे पुरस्कर्ते होते. परंतु मुलगा पोटाच्या विकारानें आजारी असल्यामुळें तो बरा झाल्यावर टोंचून घेऊं, असें त्यांनीं ठरविलें होतें, आणि तेवढ्यांत देवींनीं त्याला गांठलें. मुलगा टोंचल्यामुळेंच मेला, अशी अफवा गांवांत उठली, तेव्हां ती खोडून काढण्याकरितां ह्या शोकाकुल बापाला वर्तमानपत्रांत खुलासा करावा लागला. पुढें अनेक वर्षांनीं लिहिलेल्या आत्मचरित्रांत त्यांनीं हें शल्य बोलून दाखविलें आहे. टोंचल्यानें मूल दगावलें तर आपण स्वतःला कधींच क्षमा करणार नाहीं, ह्या भीतीनें जे आईबाप मागें सरतात, त्यांनीं हें ध्यानांत घ्यावें कीं, न टोंचल्यानेंहि तोच पश्चात्ताप वांट्याला येतो. तेव्हां ज्यांत धोका कमी तोच मार्ग धरावा, असें त्यांचें सांगणें आहे.

इलाना रिटोव्ह व जोनाथन बॅरन ह्यांनीं १९९० सालीं केलेल्या प्रयोगांत हीच भीति लोकांमध्यें आढळून आली. रोगापेक्षां लशीचा धोका पुष्कळ कमी आहे असें सांगितलें, तरी आपल्या हातून घडणाऱ्या अनर्थाच्या भयानें अनेक लोक लस टोंचण्यास कचरले. केल्याचा दोष डोळ्यांना दिसतो, न केल्याचा दिसत नाहीं. एवढ्याच कारणानें चुकीचा निर्णय होतो व त्याची किंमत मूल देतें. फ्रँकलिन ह्यांच्या दुःखाचें मोल एवढ्यासाठींच मोठें आहे कीं, त्यांनीं आपला ‘जर’ स्वतःला जाळण्यांत न संपवितां दुसऱ्यांच्या मुलांच्या कामीं लावला.

ह्यावरून ‘जर’ म्हणणेंच सोडून द्यावें काय? तसें करणें शक्य नाहीं व हिताचेंहि नाहीं. मेंदूच्या पुढील भागांत, डोळ्यांच्या खोबणींच्या वरच्या बाजूस, इजा झालेल्या रोग्यांवर झालेला एक प्रयोग २००४ सालीं प्रसिद्ध झाला. जुगारासारख्या खेळांत दुसरा डाव निवडला असता तर अधिक लाभ झाला असता, हें दिसूनहि त्यांना पश्चात्ताप होईना. आणि म्हणून पुढील निवड करतांना तो टाळण्याची दक्षताहि ते घेईनात. पश्चात्ताप हा कडू असला, तरी तो शिक्षक आहे. नील रोझ ह्यांनीं १९९४ सालीं विद्यार्थ्यांना अक्षरें जुळवून शब्द बनविण्याचें कोडें घातलें. ‘अधिक चांगलें कसें झालें असतें’ ह्याचा विचार ज्यांनीं केला, त्यांना पुढच्या खेपेस अधिक यश आलें. ‘ह्याहून वाईट झालें असतें’ अशा विचारानें मनाला बरें वाटतें, पण काम सुधारत नाहीं. म्हणजे वर पाहणारा ‘जर’ शिकवितो, आणि खालीं पाहणारा ‘जर’ धीर देतो. दोघांचीहि जागा आहे; मात्र जें काम पुन्हां करावयाचें आहे तेथें पहिला योग्य, आणि जें पुन्हां हातीं येणारच नाहीं तेथें दुसरा.

दोष देण्यापूर्वीं म्हणून तीन प्रश्न विचारावे. जी गोष्ट चुकली असें आज वाटतें, ती त्या वेळीं त्या माणसाला दिसण्यासारखी होती काय? ती खरोखरच अनर्थाचें कारण होती, कीं केवळ नेहमींपेक्षां वेगळी म्हणून डोळ्यांत भरते? आणि त्यानें उलट वागून तोच अनर्थ घडला असता, तर त्यालाहि असाच दोष दिला असता काय? ह्या तिन्ही प्रश्नांना जो दोष उतरेल, तो खुशाल द्यावा. बाकीचे पुष्कळसे तेथेंच गळून पडतील.

दुःखाच्या घरीं समाचाराला जाणाऱ्यांनीं तर ह्याची विशेष काळजी घेतली पाहिजे. ‘पुण्याच्या डॉक्टरांकडे नेलें असतें तर’, ‘त्या दिवशीं बाहेर पाठविलेंच नसतें तर’, हीं वाक्यें हळहळीनेंच उच्चारलीं जातात; बोलणारा दुसऱ्या दिवशीं विसरूनहि जातो. पण ज्या माउलीच्या कानीं तीं पडतात, तिला तीं वर्षानुवर्षें पुरतात. तिच्याजवळ ‘जर’ आधींच पुष्कळ असतात. त्यांत बाहेरून भर घालण्याची गरज नाहीं. त्या वेळीं संकेतार्थ घराबाहेर ठेवावा व साध्या स्वार्थानें बोलावें: तुम्हीं त्याचें सारें केलें, त्याला काहीं कमी पडूं दिलें नाहीं. आणि दुःखाचा पहिला भर ओसरल्यावर, त्या घटनेंतून शिकण्यासारखें कांहीं असलेंच, तर तें विध्यर्थानें सांगावें. ‘असें केलें असतें तर’ ह्याचें ‘पुढें असें करावें’ असें रूपांतर ज्याला साधलें, त्याला व्याकरणाचा हा धडा नीट समजला.